सरवा कोणाचा?

घरातला कर्ता माणूस गेला की आपल्याकडे माणसे जमतात. कोणी ज्वारी आणून टाकतो, कोणी चहा-साखरेचे बघतो, आणि महिन्याच्या मिस्सेला आलेले लोक निघताना घरच्या बाईच्या हातात शंभराची नोट दुमडून ठेवतात. जवळा बाजारच्या आसपासच्या खेड्यांत हे अजून टिकून आहे आणि ते टिकावे. पण अशा वेळी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न असा : "त्यांचे बँकेचे पासबुक कुठे आहे?"

मयतीच्या घरी पैशाचे बोलणे बरे दिसत नाही, म्हणून मीही एकदा तो विचारला नाही. बाई चाळिशीच्या आतली, दोन मुले, नवरा मजुरी करणारा. आठ महिन्यांनी मुलाच्या शाळेच्या कुठल्याशा फॉर्मसाठी तिने कागदांची पिशवी माझ्यापुढे रिकामी केली, त्यात त्याचे पासबुक निघाले. मे महिन्याच्या अखेरीस त्यातून ४३६ रुपये कापल्याची नोंद होती. ही प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. २०१५ साली ती सुरू झाली तेव्हा वर्षाला ३३० रुपये जात, २०२२ च्या जूनपासून ४३६ जातात, आणि माणूस कोणत्याही कारणाने गेला तरी वारसाला दोन लाख रुपये मिळतात. बँकेत कोणीतरी सही करा म्हणाले म्हणून त्याने केली असेल. घरी सांगितले नसेल, किंवा सांगून तो स्वतःच विसरला असेल. अर्ज करायचे दिवस उलटून गेले होते, तरी आम्ही अर्ज केला आणि उशिरा का होईना पैसे मिळाले. पण मधल्या आठ महिन्यांत तिने शेकड्याने पैसे उचलले होते आणि थोरल्या मुलाची शाळा सुटून तो कामाला लागला होता. पैसे आले म्हणून तो पुन्हा शाळेत गेला नाही.

त्या बाईने मला कधी बोल लावला नाही. मीच त्या दिवसापासून एक प्रश्न घेऊन बसलो आहे, आणि तोच इथे मांडतो. मयतीला मी गेलो होतो. शंभर रुपये दिले होते. म्हणजे दान केले होते. तरीही मी तिचे काही देणे लागत होतो का?

उत्तर शोधताना मला आपल्या शेतातला एक शब्द उपयोगी पडला. जुन्या माणसांना तो सांगायला नको. ज्वारीची काढणी झाली की वावरात जी कणसे पडून राहतात तो सरवा. मालकाने तो वेचायचा नसतो. ज्याचे पोट हातावर आहे त्या बायका-पोरांनी येऊन वेचायचा. मराठी पवित्र शास्त्रात रूथच्या गोष्टीत नेमका हाच शब्द येतो. जुन्या करारात त्याचा कायदाच आहे. शेत कापताना कडेकोपरे राखावेत, विसरलेली पेंढी आणायला परत फिरू नये, जैतुनाचे झाड दुसऱ्यांदा झोडपू नये; ते परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे. मालकाने दया म्हणून द्यावे असे हा कायदा म्हणत नाही. ते त्याचे नाहीच, असे म्हणतो.

रूथ मवाबातून आलेली. हा कायदा तिच्या गावचा नव्हता. तिला तो कोणी सांगितला हे पुस्तकात नाही. सासूकडूनच कळला असावा असे मला वाटते. आणि कळल्यावरही ती परक्या शेतात एकटी वाकली तेव्हा बवाजने गड्यांना दोन गोष्टी बजावल्या. एक, तिच्यासाठी मुद्दाम काही कणसे गळू द्या. दुसरी, तिला लाजवू नका, दटावू नका. मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते. सरवा शेतात पडला होताच. पण गड्यांच्या तोंडाला भिऊन ती बांधावरूनच परतली असती, तर तो असून काय उपयोग होता?

आता आजचा सरवा कोणता, ते पाहू. पासष्टच्या आतल्या विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. पासष्ट ओलांडलेल्यांसाठी श्रावणबाळ योजना. २०१९ पर्यंत दरमहा सहाशे रुपये मिळत, मग हजार झाले, २०२३ पासून दीड हजार. अपंगांना २०२५ च्या ऑक्टोबरपासून अडीच हजार केले. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार. या सगळ्यांचा अर्ज तहसीलला, म्हणजे आपल्याला औंढ्याला. आई किंवा बाप गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना. २०२३ पासून मुलामागे महिना २,२५० रुपये, आणि तिचे काम हिंगोलीला महिला व बालविकास कार्यालयात चालते. माझ्या त्या बाईला दोन मुले होती. हिशेब करून पाहा, म्हणजे माझ्या शंभर रुपयांची किंमत कळेल.

शेतात साप चावून, वीज पडून, विजेचा धक्का बसून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून घराला दोन लाख रुपये आहेत. त्यासाठी तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जावे लागते, आणि पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. "आता त्या देहाची आणखी चिरफाड कशाला?" असे मयतीला जमलेले वडीलधारे म्हणतात, आपल्या प्रेमानेच म्हणतात. त्या एका वाक्याने घराचे दोन लाख जाऊ शकतात. इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. ही मदत शेतकऱ्याला आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या त्याच्या घरातल्या एकाला मिळते. त्याच वावरात, त्याच सापाने चावलेल्या बिनजमिनीच्या मजुराला या योजनेत जागा नाही. आपल्या चर्चमध्ये सातबारा असलेले किती आणि नसलेले किती, ते आपण सगळे जाणतो.

इतके सगळे असताना लोक जात का नाहीत? एक कारण म्हणजे माहिती नाही. पण माहिती असूनही न जाणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांचे कारण हलके नाही. "आजवर कोणापुढे हात पसरला नाही, आता म्हातारपणी सरकारपुढे पसरू का?" या बोलण्यात जो ताठ कणा आहे त्याचा मला आदर वाटतो. जन्मभर कष्टाचे खाल्लेला माणूस असे बोलणारच. तरीही मला वाटते की इथे दोन गोष्टींची गल्लत होते. भीक आणि सरवा एक नव्हे. भीक देणाऱ्याच्या मर्जीवर असते. सरवा कायद्याने राखलेला असतो, आणि तो वेचायला पाठ मोडावी लागते. औंढ्याला चार खेपा, तलाठ्याकडे दोन, सेवा केंद्रात सर्व्हर बंद म्हणून बसून राहणे, हे वाकून वेचणेच आहे.

आपल्या मराठवाड्याला तर हा फरक कोणी शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून आपल्यात आहेत. तेव्हाची सुकडी आणि मिलो त्यांना आठवते. सुकडी वाटणाऱ्यांनी जीव वाचवले, त्यात मिशनचीही माणसे होती, त्यांचे उपकार आहेतच. पण त्याच दुष्काळातून दुसरीही एक गोष्ट निघाली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्या दिवसांत राज्यभर लागू झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. मागेल त्याला काम. काम मागणारा मजूर हा याचक राहिला नाही, मागणीदार झाला. आणि यासाठी पैसा कोठून आला? १९७५ साली राज्याने नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला तो याच योजनेसाठी. मी शिक्षक होतो. दर महिन्याच्या पगारातून दोनशे रुपये कापले जायचे, फेब्रुवारीत तीनशे, आणि फेब्रुवारीत आम्ही स्टाफरूममध्ये न चुकता कुरकुरायचो. आपल्या शेताचा कोपरा राखला जातो आहे हे आमच्या ध्यानात यायचे नाही. त्या कायद्याची पुढे २००५ साली देशभराची योजना झाली, आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेने तिच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा केला. या फेरबदलाबद्दल मते असतील. पण मजुराला कामावर हक्क सांगता येतो ही गोष्ट ज्या मातीतून निघाली ती आपली माती आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर जो आदेश काढला, त्यातही हे आहे : जे न्यायाने देणे लागते ते दान म्हणून पुढे करू नये, आधी न्यायाचे देणे फेडावे. मला वाटते माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. शंभर रुपये हे माझे होते, ते मी दिले. पासबुकातले दोन लाख तिचेच होते. ते तिला दिसत नव्हते आणि मला वाचता येत होते. ते न सांगणे म्हणजे शेताच्या कोपऱ्यात तिचा सरवा पडला आहे हे ठाऊक असून गप्प राहणे. माझे मन राखायला इतकेच म्हणता येईल की मला त्या वेळी ठाऊक नव्हते. पण विचारायचे कष्ट मी घेतले नव्हते, हेही खरेच.

आता अवघड भाग. सरव्याचा कायदा जितका मालकाला बांधतो तितकाच वेचणाऱ्यालाही बांधतो. भरल्या घरच्यांनी सरवा वेचायला उतरू नये. लाडकी बहीण योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी चौदा हजारांवर पुरुषांनी ते पैसे घेतल्याचे उघड झाले. बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. पण भांड्यांचा संच मिळतो म्हटल्यावर ज्याने जन्मात थापी हातात धरली नाही असाही रांगेत उभा राहिल्याचे आपण पाहिले आहे. मी अमक्या-तमक्याबद्दल बोलत नाही. दारात आलेली वस्तू कोणाला नको असते? पण "सरकारचे आहे, कोणाचे काय जाते" हे बोलणे मला पटत नाही. अशा प्रत्येक प्रकारानंतर तपासणीची जी चाळणी लागते, तिच्यातून खरोखरीची निराधार बाईच आधी गळते. चुकीचा घेणारा दुसरा काही उद्योग बघतो. ती पुन्हा पहिल्या कागदापासून सुरुवात करते.

यावर कोणी म्हणेल, मग सोपे आहे, खरे लिहा आणि हक्काचे घ्या. इतके सोपे असते तर मी हा लेख लिहिला नसता.

संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत लागते. अपंगांना ५० हजारांची सवलत आहे, इतरांना २१ हजारच. अनुदान सहाशेचे दीड हजार झाले, ही मर्यादा होती तिथेच राहिली. २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. २०२५-२६ या वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे विधवा बाईने ६८ दिवस काम केले की तिचे उत्पन्न मर्यादेबाहेर. एक कायदा तिला शंभर दिवसांच्या कामाचा शब्द देत होता, आणि दुसरा म्हणत होता की सत्तर दिवस जरी राबलीस तरी तू निराधार नाहीस.

अशाच एका फॉर्मवर बसलो असताना एका आजीने मला विचारले, "गुरुजी, खरं सांगू का पोटापुरतं सांगू?"

मी पेन खाली ठेवले. ती काही लबाड बाई नव्हती. लबाड असती तर विचारलेच नसते. तिला कोणीतरी आधीच सांगितले होते की आकडा अमुकच टाकायचा असतो, सगळेच टाकतात. आणि ते खरेही आहे. पण स्वयंघोषणापत्रावर अंगठा तिचा उठणार होता, माझा नाही.

त्या दिवशी आम्ही काय केले ते सांगतो. आम्ही दोघांनी मिळून वर्षाचा हिशेब मांडला. खुरपणीचे दिवस किती, कापूस वेचणीचे किती, पाऊस लागून बसून गेलेले किती, गुडघे धरल्यापासून कामाला न बोलावलेले किती. मुलगा वेगळे रेशनकार्ड करून वेगळा राहतो, पुण्याला असतो, दिवाळीला दोन हजार देतो. सावकाराची उचल हे उत्पन्न नव्हे, ते कर्ज. ती बिचारी तेही मिळकतीत धरून बसली होती. सगळे मोजून तिचे उत्पन्न १९ हजारांच्या आसपास आले. खोटे लिहावे लागले नाही. यातून मी एक शिकलो : गरीब माणसाला आपले उत्पन्न मोजायची सवय नसते, आणि घाबरून तो कधी कमी तर कधी जास्तही सांगतो. निम्मे खोटे हे न मोजल्यामुळे लिहिले जाते.

पण उरलेल्या निम्म्यांचे काय? ज्या बाईचा प्रामाणिक हिशेब तीस हजारांवर जातो तिचे काय? तिला मी म्हणू का, की तू खरी आहेस म्हणून उपाशी राहा? माझे मत सांगतो, पटले नाही तर सोडून द्या. खोटा आकडा मी माझ्या हाताने लिहीत नाही. मी मुलांना तीस वर्षे खरे बोलायला शिकवले. पण जिने तो लिहिला तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. जिथे खरे बोलले तर पोट जाते आणि खोटे बोलले तर भाकरी मिळते, तिथे पापाचा वाटा एकट्या वेचणारीच्या पदरात टाकता येणार नाही. ज्यांना ही मर्यादा हास्यास्पद आहे हे कळते, ज्यांना ग्रामसभेत उभे राहून ठराव मांडता येतो, आमदाराला निवेदन देता येते, आणि तरी ज्यांनी ते केले नाही, त्यांचाही त्यात वाटा आहे. त्यांत मी आहे. आजवर मी शेकडो फॉर्म भरले असतील. त्या मर्यादेबद्दल एक ओळ कुठे लिहून दिली नव्हती.

कागदावरच्या खरेपणाचा दुसरा एक काटा आपल्याच माणसांच्या पायात आहे, त्याबद्दल न बोलणे हेही एक प्रकारचे खोटे होईल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली तो द्यावा असे सुचवले, आणि २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला गेला. दरम्यान २०२४ च्या नोव्हेंबरात पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचे, ही संविधानाशी प्रतारणा आहे. ज्या घरांत रविवारी एक नाव आणि कागदावर दुसरे अशी दोन आयुष्ये चालतात, त्यांच्यासाठी हा नुसता कायद्याचा मुद्दा नाही. पिढ्यान् पिढ्यांची वेशीबाहेरची वस्ती बाप्तिस्म्याने गावात आली नाही, हे आपण पाहतो. म्हणून इथेही मी कोणाच्या घरात डोकावणार नाही. एवढेच सांगेन की निराधार, श्रावणबाळ, कुटुंब लाभ, बालसंगोपन, रेशन यांपैकी कशालाही जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. दाखल्याच्या त्या गुंत्याला भिऊन जी घरे तहसीलची पायरीच चढत नाहीत, ती फुकट मागे राहतात.

नावाची एक लहानशी अडचण मात्र सगळ्यांनाच येते. चर्चच्या वहीत मारिया, आधारवर सुमन, रेशनकार्डावर सुमनबाई. पेन्शन अशा ठिकाणी अडते. मृत्यूची नोंदही ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करून घ्यावी. नंतरही होते, पण खेपा वाढतात.

आता आपल्यातल्या लिहिता-वाचता येणाऱ्यांबद्दल. कागदाचे काम करून देणारे बाजारात आहेतच. फॉर्ममागे पाचशे घेतात, कोणी पहिल्या महिन्याचे पेन्शन ठरवून घेतो. त्यांच्यावर तोंडसुख घेणे सोपे आहे. पण ते तिच्याबरोबर औंढ्याला जातात, आणि आपण जात नाही. लोकांनी त्यांच्याकडे जाऊ नये असे वाटत असेल तर त्यांच्या जागी कोणीतरी उभे राहायला हवे. सरकारलाही हे एका ठिकाणी कळले आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, जिच्यात २०२४ पासून कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डावर घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र नेमलेला असतो. कारण नुसती योजना असून भागत नाही, काउंटरपाशी एक माणूस लागतो. तहसीलला असा मित्र नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे, मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते. पण अपील लिहून देणारा कोण?

संत लूकच्या शुभवर्तमानातली विधवा न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा जाते. आपण ती गोष्ट प्रार्थनेची चिकाटी म्हणून ऐकतो, ते बरोबरच आहे. फॉर्म भरू लागल्यापासून मला तिच्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. ती भीक मागत नव्हती, न्याय मागत होती. आणि त्या सगळ्या खेपांना ती एकटी होती. तिच्या गावात तिच्याबरोबर जायला कोणीच मोकळे नव्हते का?

बरोबर जाणाऱ्यालाही काही पथ्ये आहेत. दुसऱ्याच्या घरचे उत्पन्न, आजार, नवऱ्याने सोडल्याची गोष्ट हे सगळे त्याच्या कानांवर येते. ते तिथेच मुरले पाहिजे. डाव्या हाताला कळू न देण्याची शिकवण पैशाच्या दानापेक्षा इथे जास्त लागू आहे. आधारच्या प्रती आपल्या घरी साठवू नयेत, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारू नये, आणि काम झाल्यावर फोटो काढू नये. हे शेवटचे मी मुद्दाम लिहितो. पेन्शन मंजूर झालेल्या आजीच्या खांद्यावर हात ठेवून काढलेला फोटो पाहिला की मला बवाजचे गडी आठवतात.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आरंभीच्या ख्रिस्तसभेतली एक कुरबुर नोंदलेली आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची नावे सुटत होती. धान्य होते, वाटणारे होते, आणि कोणी मुद्दाम वगळत होते असेही लिहिलेले नाही. भाषा वेगळी म्हणून त्या यादीत आल्या नाहीत, इतकेच. प्रेषितांनी यावर आणखी धान्य गोळा केले नाही. सात माणसे नेमली, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची नावे सुटत होती त्यांचीच भाषा बोलणारी माणसे त्यांनी वाटपावर बसवली असे दिसते. तहसीलची भाषा आणि आपल्या आजीची भाषा यांच्यात तेवढेच अंतर आहे, दोन्ही मराठी असूनसुद्धा.

उसाचा हंगाम लागला की आपल्याकडची कितीतरी घरे कोयते घेऊन कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागता परततात. रेशन तिकडच्या दुकानातही त्याच कार्डावर मिळते, हे त्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. मागे राहतात म्हातारी माणसे. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, तो मागायची नोटीस याच दिवसांत निघाली तर त्यांना ती कोण वाचून दाखवणार? मुले परत येईपर्यंत चार महिन्यांचे पेन्शन थांबलेले असते, आणि म्हातारी समजते की सरकारने बंद केले. यंदा कोणती घरे गेली आहेत ती यादी फादरांकडे असेल, नाताळच्या वेळी ते नावे घेऊन विचारत असतात. त्या घरांत मागे कोण कोण राहिले आहे, ही यादी अजून आपण कोणी केलेली नाही.